म्हाताऱ्या कुत्र्याला धाप का लागते?

ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांचा कुत्रा आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. एके काळी दाराची घंटा वाजली की झेपावणारा हा प्राणी आता अर्धा जिना चढून थांबतो. रात्री झोपेतून उठून खोकतो. घशात हाडाचा तुकडा अडकला असेल असे वाटून घरचे लोक त्याचा जबडा उघडून पाहतात. पावसाळ्यात ढास वाढली की 'सर्दी झाली असेल' म्हणून विषय संपतो. मग एखाद्या रात्री तो आडवा व्हायलाच तयार होत नाही. कोपरे अंगापासून फाकवून, मान ताणून बसून राहतो आणि त्याच्या बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या वरखाली होऊ लागतात. जनावरांचे डॉक्टर छातीला नळी लावतात आणि सांगतात, "फुप्फुसांत पाणी झालंय. हृदय थकलंय याचं."

घरच्यांना प्रश्न पडतो तो असा : त्रास श्वासाचा, मग आजार हृदयाचा कसा? आणि पाणी आले कुठून? त्याने तर दिवसभर पाण्याला तोंड लावलेले नाही.

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. त्याचे नीट उत्तर मिळायला सुमारे तीनशे वर्षे लागली. त्या शोधाचा फार मोठा भाग खुद्द कुत्र्यांच्याच शरीरावर झाला. त्यातून माणसाचे वैद्यक घडले. कुत्र्याच्या वाट्याला त्यातले काही यायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. हा इतिहास शाळेच्या पुस्तकांत सहसा तुकड्यातुकड्यांनी येतो : हार्वे एका धड्यात, श्वसन दुसऱ्या धड्यात, परासरण तिसऱ्याच इयत्तेत. म्हाताऱ्या कुत्र्याच्या धापेत हे सारे एकत्र येते, म्हणून तिच्या निमित्ताने ते एकत्र पाहू या.

सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात गेलनची शिकवण प्रमाण मानली जात असे. रक्त यकृतात तयार होते, नीलांतून शरीरभर जाते आणि अवयवांत खर्ची पडते. हृदयात ऊब असते आणि श्वास ती ऊब निववतो, अशी ही समजूत होती. विल्यम हार्वेने १६२८ साली तिला धक्का दिला. हार्वेचा युक्तिवाद आपण वर्गात नेहमी सांगतो. पण त्यातला कुत्रा सांगायचा राहून जातो. मेंढी किंवा कुत्रा घ्या, असे हार्वे म्हणतो. हृदयाच्या एका ठोक्याला अगदी थोडे, एक स्क्रूपल म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम रक्त महारोहिणीत जाते असे धरा. अर्ध्या तासात हजार ठोके म्हणजे हजार स्क्रूपल, सुमारे साडेतीन पौंड रक्त झाले. आता या प्राण्याच्या साऱ्या अंगात मिळून रक्त असते चार पौंडांच्या आतच. मेंढीच्या बाबतीत त्याने ते स्वतः मोजून पाहिले होते. म्हणजे अर्ध्या तासात जवळजवळ सगळे रक्त हृदयातून गेले. एवढे रक्त यकृत दर अर्ध्या तासाला कुठून नवे तयार करणार? तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे.

हार्वेने ठोक्याचा आकडा मुद्दाम कमीत कमी धरला होता, हे त्याच्या युक्तिवादाचे बळ. प्रत्यक्षात रक्ताचा वेग याहून कितीतरी जास्त असतो. दहा किलो वजनाच्या कुत्र्याच्या अंगात पाऊण ते एक लिटर रक्त असते आणि विश्रांतीतही ते साधारण मिनिटाभरात हृदयातून जाऊन येते.

या अभिसरणातली एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. हृदय दिसायला एक असले तरी ते एकापुढे एक जोडलेले दोन पंप आहेत. उजवा पंप रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. फुप्फुसांतून आलेले रक्त डावा पंप शरीराकडे ढकलतो. दोघांची गती एकच, दर मिनिटाला नेले जाणारे रक्तही तेवढेच. आता डावा पंप जरासा मागे पडला आणि उजवा मात्र पूर्वीच्याच जोमाने चालू राहिला, तर मधल्या जागी काय होईल? मधल्या जागी फुप्फुसे आहेत. वर्गात हे सांगताना आम्ही घाटातल्या एकेरी रस्त्याचे उदाहरण देतो : पुढे गाडी अडली की रांग मागे लागते.

हार्वेला एक दुवा मात्र दिसला नव्हता. रोहिण्यांच्या टोकांकडून रक्त नीलांत जाते कसे? ते दाखवले मार्चेल्लो माल्पिगीने, १६६१ साली, हार्वेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात त्याला केशवाहिन्यांचे जाळे दिसले. ते जाळे हवेला इतके खेटून का असावे, हा पुढचा प्रश्न होता.

तो सोडवायला लंडनच्या रॉयल सोसायटीत रॉबर्ट हूक पुढे झाला. स्प्रिंगच्या नियमामुळे आणि सूक्ष्मदर्शकातल्या 'पेशी'मुळे आपल्या परिचयाचा, तोच हा हूक. १६६४ साली त्याने एका जिवंत कुत्र्याची छाती उघडली, श्वासनलिकेत भात्याचे तोंड बसवले आणि भाता चालवून त्याला तासाहून अधिक काळ जिवंत ठेवले. त्यानंतर त्याने रॉबर्ट बॉइलला जे पत्र लिहिले ते वाचण्यासारखे आहे. त्या मुक्या प्राण्याचे हाल पाहता हा प्रयोग पुन्हा करायला आपले मन होणार नाही, असे हूक कळवतो. त्याला बधिर करण्याचा काही मार्ग असता तर गोष्ट वेगळी होती. पण अफूसारख्या कोणत्याही औषधाने ते साधेलसे वाटत नाही, असेही तो लिहितो. ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले १८४६ साली. म्हणजे हूकला हवे होते ते साधन यायला अजून १८२ वर्षे होती.

तरीही १६६७ च्या ऑक्टोबरमध्ये हूकने तो प्रयोग पुन्हा केला. सोसायटीचा आग्रह होता, आणि या वेळी बरोबर रिचर्ड लोअर होता. त्या काळी अनेकांचे मत असे, की फुप्फुसांच्या फुगण्या-मिटण्याने रक्त पुढे सरकते, म्हणून ती हालचालच जीव राखते. हूकने दोन भाते जोडून हवेचा अखंड झोत सुरू केला आणि फुप्फुसांच्या आवरणाला बारीक बारीक छिद्रे पाडली. हवा आत येई आणि छिद्रांवाटे निघून जाई. फुप्फुसे फुगलेली, पण स्तब्ध. कुत्रा जिवंत राहिला. हृदय नियमित चालत राहिले. झोत थांबवला की त्याला झटके येत, पुन्हा सुरू केला की तो सावरे. याचा अर्थ, गरज हालचालीची नाही, ताज्या हवेची आहे. प्रयोगाची आखणी म्हणून पाहिले तर ती अप्रतिम आहे. शंभर पाने वाद घालून सुटले नसते ते एका दुपारी सुटले. आणि भुलीशिवाय छाती उघडलेला तो कुत्राही त्याच दुपारचा. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात असे आम्हांला वाटते. एकीला झाकून दुसरी सांगितली तर विद्यार्थ्यांना विज्ञानाची अर्धीच ओळख होते.

लोअरने १६६९ साली हृदयावर एक ग्रंथ लिहिला. काळपट रक्त लाल होते ते हृदयातल्या उष्णतेने नव्हे, तर फुप्फुसांत हवेशी गाठ पडल्याने, हे त्यात आले. त्याच ग्रंथात दोन प्रयोग आहेत, ज्यांच्याकडे फारसे लक्ष जात नाही. लोअरने एका कुत्र्याच्या छातीतली, शरीराच्या खालच्या भागाचे रक्त आणणारी मोठी नीला बांधून टाकली. काही तासांत कुत्रा मेला आणि त्याच्या पोटात पाण्यासारखा द्रव भरलेला आढळला. दुसऱ्याच्या मानेतल्या नीला बांधल्या. गाठीच्या वरचा भाग सुजला, आणि कापून पाहिले तर त्यात रक्त नव्हते, स्वच्छ द्रव होता. रक्ताची परतीची वाट अडली की रक्तातले पाणी वाहिनीबाहेर पाझरते, हे प्रथम इतके स्पष्ट दिसले. जलोदर हा तोवर स्वतंत्र रोग मानला जाई. लोअरने त्याचे कारण नळाच्या जोडणीत दाखवले.

पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांतल्या गोष्टी आपण भराभर ओलांडू. स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीला काचेची उभी नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढले. हे त्याने १७३३ साली प्रसिद्ध केले, आणि रक्ताला दाब असतो ही कल्पना आकड्यात आली. विल्यम विदरिंगने १७८५ साली फॉक्सग्लव्ह या फुलझाडाच्या पानांवरचा आपला दहा वर्षांचा अनुभव छापला. त्याला हे औषध श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या घरगुती काढ्यातून सापडले होते. (तिचे नाव म्हणून जे सांगितले जाते ते फार नंतर कोणीतरी जोडलेले आहे, विदरिंग तिचे नाव देत नाही.) त्यातले डिजिटॅलिस थकल्या हृदयाला नेटाने आकुंचन पावायला लावते. विदरिंग मात्र त्याला मुख्यतः अंगावरची सूज उतरवणारे औषध समजत होता. १८१६ साली लाएनेकने कागदाची सुरळी करून छाती ऐकली आणि स्टेथॉस्कोप आला.

सूज आणि दाब यांची सांगड घातली ती अर्नेस्ट स्टार्लिंगने, १८९६ साली. प्रयोग पुन्हा कुत्र्यावरच, त्याच्या मागच्या पायांवर. एका पायाच्या ऊतींत त्याने मिठाचे पाणी भरून सूज आणली आणि दोन्ही पायांतून रक्त खेळवले. सुजलेल्या पायातून गेलेले रक्त पातळ होत गेले. त्याने ते पाणी शोषून घेतले होते. पाण्याऐवजी रक्तद्रव भरला तर मात्र असे शोषण होईना. यातून स्टार्लिंगने जे अनुमान काढले ते परासरण शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने सांगावे असे आहे. केशवाहिनीच्या भिंतीशी दोन ओढी असतात. रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिने भिंतीतून सहजी जात नाहीत, ती परासरणाने पाण्याला आत ओढतात. दोन्ही तुल्यबळ असेपर्यंत ऊती कोरड्या राहतात.

आता हे फुप्फुसाला लावून पाहू. फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत दाब फार कमी, पाऱ्याच्या ८-१० मिलिमीटरच्या आसपास असतो. प्रथिनांची ओढ त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणून वायुकोश कोरडे राहतात, आणि ते तसे राहणे जिवाला आवश्यकही आहे, कारण हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा कमालीचा पातळ असावा लागतो. १९५९ साली आर्थर गायटन आणि लिंडसे यांनी कुत्र्यांच्या डाव्या अलिंदातला दाब पायरीपायरीने वाढवला. दाब साधारण २४ मिलिमीटरच्या वर गेला की फुप्फुसांत द्रव साठू लागे. मग त्यांनी रक्तातली प्रथिने कमी करून निम्म्यावर आणली. आता ११ मिलिमीटरलाच पाझर सुरू झाला. स्टार्लिंगची तराजू खरी होती. त्या रात्री बसून राहिलेल्या आपल्या कुत्र्याच्या फुप्फुसांत पाणी आले ते त्याने प्यायलेले नव्हे. ते त्याच्याच रक्तातून गाळून आलेले पाणी.

स्टार्लिंगचे नाव आणखी एका नियमाशी जोडलेले आहे. १९१२ ते १९१४ या काळात त्याने सहकाऱ्यांसह कुत्र्याचे हृदय आणि फुप्फुसे शरीराच्या इतर भागापासून वेगळी करून कृत्रिम नळ्यांच्या वाटेवर चालती ठेवली. असे आढळले की हृदयात जितके जास्त रक्त येईल तितके त्याचे स्नायू ताणले जातात, आणि जितके ताणले जातात तितक्या जोराने (मर्यादेपर्यंत) ते आकुंचन पावतात. हृदय स्वतःच आपले काम जुळवून घेते. आजार वर्षानुवर्षे लपून राहतो तो याच गुणामुळे.

याच स्टार्लिंगच्या प्रयोगशाळेतून विज्ञानाच्या इतिहासातला एक मोठा तंटा उभा राहिला. १९०३ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये त्याच्या मेव्हण्याने, विल्यम बेलिसने, विद्यार्थ्यांपुढे एका तपकिरी कुत्र्यावर प्रात्यक्षिक केले. त्यापूर्वी स्टार्लिंगने त्याच कुत्र्यावर एक शस्त्रक्रिया केलेली होती. प्रेक्षकांत लिझी लिंड आफ हागेबी आणि लिसा शारताउ या दोन स्वीडिश विद्यार्थिनी होत्या. कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती असे त्यांनी लिहिले. बेलिसने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. २,००० पौंड भरपाई मिळाली. पण १९०६ साली बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. १९०७ च्या डिसेंबरात वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध रस्त्यावर दंगल केली, पुतळ्याला रात्रंदिवस पोलिसांचा पहारा बसला, आणि १९१० साली तो हलवण्यात आला. १९८५ साली बॅटरसी पार्कात नवा पुतळा बसला. भुलीबाबत न्यायालयाने बेलिसला खरे मानले, आणि त्याला अविश्वासू ठरवावे असे आम्हांलाही काही दिसत नाही. पण एकाच प्राण्यावर दोनदा प्रयोग झाला ही गोष्ट १८७६ च्या इंग्लिश कायद्याच्या हेतूला धरून नव्हती, हेही खरे. दोन विद्यार्थिनी वर्गात बसून टिपणे काढतात आणि त्यातून एवढे घडते, हे आपल्या विद्यार्थ्यांना नक्की सांगावे.

त्याच शहरात, त्याच वर्षांत, याउलट एक प्रसंग घडला. ऑगस्टस वॉलर याने १८८७ साली माणसाच्या हृदयातली वीज शरीराच्या पृष्ठभागावरून प्रथम टिपली होती. त्याचा जिमी नावाचा पाळीव बुलडॉग होता. जिमी मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून शांत उभा राही, तारा उपकरणाला जोडलेल्या असत आणि त्याच्या ठोक्याबरोबर उपकरणातली रेषा हले. १९०९ साली रॉयल सोसायटीच्या समारंभात हे दाखवल्यावर पार्लमेंटात प्रश्न आला : कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून त्याला छळले हे खरे काय? गृहमंत्र्यांनी खुलासा केला, की पट्टा शोभेच्या पितळी खिळ्यांचा होता आणि पाण्यात मीठ होते. समुद्रात पाय बुडवून उभे राहिलेल्या कोणालाही तो अनुभव ठाऊक असेल. आज कुत्र्याचा ईसीजी काढतात तो तत्त्वतः जिमीचाच.

विसाव्या शतकात हृदयावरची शस्त्रक्रियाही कुत्र्यांवाटेच आली. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९४४ साली 'निळ्या बाळां'वरची शस्त्रक्रिया झाली. तिची तयारी व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने अनेक कुत्र्यांवर केली होती. थॉमसला वैद्यकीय पदवी नव्हती, पण शस्त्रक्रिया चालू असताना अल्फ्रेड ब्लेलॉकच्या खांद्यामागे उभा राहून तोच सूचना देत होता. त्यातली ॲना नावाची कुत्री दीर्घकाळ जगली. तिचे चित्र त्या संस्थेच्या भिंतीवर लागले. १९६० साली ओरेगनमध्ये अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांची कृत्रिम झडप माणसाच्या हृदयात द्विदली झडपेच्या जागी बसली. आधी ती कुत्र्यांत बसवून पाहिली होती. आपल्या मुंबईत, के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्यामागे त्यांच्या चमूचे कुत्र्यांवरचे अनेक वर्षांचे काम होते. १९६५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर विलक्षण आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या भिंतीला आतल्या पोकळीतूनच थेट रक्त मिळते, हे ध्यानात घेऊन त्यांनी कुत्र्याच्या हृदयाच्या भिंतीला सुईने भोके पाडून तशी वाट करून पाहिली.

एवढे सगळे झाले, तोवर कुत्र्याच्या स्वतःच्या हृदयरोगाकडे कोण पाहत होते? जवळजवळ कोणीच नाही. पशुवैद्यकाच्या शाळा निघाल्या त्या घोड्यांसाठी आणि गाईबैलांसाठी. ल्योंची पहिली शाळा १७६० नंतरच्या एक-दोन वर्षांत आली ती गुरांच्या साथीच्या धाकाने. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. तिथेही शेतीची आणि लष्कराची जनावरे हाच मुख्य विषय होता. शिवाय हृदयाचा आजार म्हातारपणचा, आणि डिस्टेंपर व रेबीजच्या लसी सर्वत्र पोचेपर्यंत म्हातारी होणारी कुत्रीच थोडी. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात डेव्हिड डेटवायलर आणि सहकाऱ्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत दवाखान्यात येणारी हजारो कुत्री पद्धतशीर तपासली. तेव्हा प्रथम कळले की हृदयरोग कुत्र्यांतही सर्रास आहे, पण त्याची तऱ्हा निराळी आहे.

माणसाच्या हृदयरोगात मुख्य गुन्हेगार हृदयाच्या रोहिण्यांत साचणारी चरबी. कुत्र्यात हे क्वचितच घडते. त्याच्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल साचून न राहणाऱ्या प्रकारचे असते. अवटू ग्रंथी मंदावली किंवा मधुमेह झाला तर गोष्ट वेगळी. म्हणजे माणसाला येतो तसा हृदयविकाराचा झटका म्हाताऱ्या कुत्र्याला सहसा येत नाही. त्याची झिजते ती झडप. डावे अलिंद आणि डावे निलय यांमधली द्विदली झडप पॅराशूटसारखी बारीक दोऱ्यांनी खालच्या स्नायूंना बांधलेली असते. मिनिटाला १०० ठोके धरले तर ती दिवसाला १,४४,००० वेळा आणि दहा वर्षांत पन्नास कोटींहून अधिक वेळा उघडमीट करते. कालांतराने तिच्या पाकळ्यांच्या कडा जाड, गाठाळ होऊन दुमडतात, दोऱ्या लांबतात, एखादी तुटते. निलय आवळले की थोडे रक्त उलट अलिंदात जाते. हाच आवाज डॉक्टरांना नळीतून 'फुस्स' असा ऐकू येतो. उत्तर अमेरिकेत दवाखान्यांत आढळणाऱ्या कुत्र्यांच्या हृदयरोगांपैकी सुमारे ७५ टक्के या एका दोषाचे आहेत.

हा दोष छोट्या जातींचा आहे : कॅव्हेलियर स्पॅनियल, डॅशहंड, चिवावा, आणि आपल्याकडे घरोघरी असलेला पॉमेरेनियन. कॅव्हेलियरमध्ये तो इतक्या तरुणपणी दिसतो की आनुवंशिकता उघड आहे. माणसाने चेहऱ्यासाठी जात घडवली आणि झडप त्याबरोबर आली. मोठ्या जातींत, डोबरमन किंवा ग्रेट डेनमध्ये, झडपेपेक्षा हृदयाचा स्नायूच पातळ होऊन ढिला पडतो. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला यांपैकी काहीही व्हायला पुरेसे आयुष्य बहुधा मिळत नाही.

गळती सुरू झाल्यावर स्टार्लिंगचा नियम मदतीला येतो. जादा रक्ताने हृदय ताणले जाते, जोराने चालते, आणि कुत्रा वर्षानुवर्षे ठीक दिसतो. अलिंद मात्र फुगत जाते. त्याच्या अगदी वरून डाव्या फुप्फुसाची श्वासनलिका जाते. ती दाबली गेली की ढास लागते. म्हणून पूर्वी खोकला म्हणजेच हृदयाचा पराभव असे समीकरण होते. अलीकडच्या अभ्यासांनी ते बदलले. छोट्या म्हाताऱ्या कुत्र्याचा खोकला पुष्कळदा श्वासनलिका चपटी पडल्याने किंवा जुनाट सुजेने येतो, आणि फुप्फुसांत पाणी नसतानाही येतो. पाण्याची खरी खूण खोकला नव्हे; श्वासाचा वेग ही ती खूण.

उपचारांत १९६० च्या दशकात फ्युरोसेमाइड आले. ते मूत्रावाटे पाणी काढून दाब उतरवते, आणि आजही धापेच्या रात्री तेच आधी टोचतात. पिमोबेंडन हे औषध आकुंचनाला जोर देते आणि रक्तवाहिन्या सैल करते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६० कुत्र्यांवरच्या चाचणीत असे दिसले, की हृदय मोठे झालेले पण धाप अजून न लागलेल्या कुत्र्यांना ते दिले तर पराभवाची वेळ सरासरी पंधरा महिने पुढे जाते. बारा वर्षांच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे थोडे नव्हे. या चाचणीत कुत्रे हे रुग्ण होते, घरी राहत होते, आणि औषध त्यांच्यासाठीच होते. जपानमध्ये मासामी उएची यांनी छोट्या कुत्र्यांची झडप उघड्या हृदयावर, हृदय-फुप्फुस यंत्र लावून दुरुस्त करायला सुरुवात केली; २०१२ साली त्यांनी अशा ४८ कुत्र्यांचा अहवाल छापला. तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी ते कृत्रिम धागे घालतात. ही सोय आज जगात मोजक्याच ठिकाणी आहे आणि खर्च प्रचंड आहे.

घरी करता येण्यासारखी तपासणी मात्र बिनखर्ची आहे. कुत्रा गाढ झोपलेला असताना सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन बसावे. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी. निरोगी कुत्र्याचा आकडा मिनिटाला ३० च्या आत, बहुतेकदा २५ च्याही आत असतो. जीभ बाहेर काढून धापणारा, स्वप्नात पाय झाडणारा किंवा उन्हातून आलेला कुत्रा मोजू नये. ते आकडे निरुपयोगी. वर्गातल्या ज्या मुलांकडे कुत्रा आहे त्यांनी आठवडाभर रोज असा आकडा वहीत लिहिला तर मोजमाप, सरासरी आणि चढउतार हे तिन्ही विषय एकदम होतात. म्हाताऱ्या, आवाजी झडपेच्या कुत्र्याचा आकडा एखाद्या रात्री तिसाच्या वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावे. वरच राहिला तर सकाळची वाट पाहू नये. माणसाच्या कपाटातल्या गोळ्या आणि खोकल्याची औषधे त्याला देऊ नयेत.

सेकंदकाट्याचे घड्याळ वैद्यकात आणले ते जॉन फ्लॉयर या इंग्लिश डॉक्टराने. नाडी मोजण्यासाठी त्याने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याला स्वतःला जन्मभर दम्याचा विकार होता, आणि १६९८ सालच्या आपल्या दम्यावरच्या ग्रंथात त्याने धाप लागून थकलेल्या एका घोडीच्या फुप्फुसांचे वर्णनही केले आहे.